दोघींच्या मधली चादर

थोरलीच्या हातात खडू आला तो औषध म्हणून. एकतीस वर्षं दवाखान्याच्या लाँड्रीत चादरी ताणून ताणून तिचा उजवा अंगठा असा आखडला होता, की नोकरी संपल्यावर डब्याचं झाकणसुद्धा तिला दाद देईना. व्यायाम शिकवणारी बाई दाबायला रबरी चेंडू द्यायची. थोरली तो घरी आणायची, फळीवर ठेवायची आणि विसरायची. शेवटी ती बाई म्हणाली, "मावशी, चेंडू राहू दे. वाचनालयाच्या मागच्या खोलीत गुरुवारी दुपारी चित्रांचा वर्ग असतो, मोठ्या माणसांचाच. तासभर खडू धरलात तर अंगठा आपसूक मोकळा होईल."

"मी आणि चित्रं? मला सरळ रेघ येते ती फक्त इस्त्रीची."

घरी नवऱ्याला सांगितलं. त्यानं जन्मभर बसगाड्यांचे गिअर दुरुस्त केलेले. तो म्हणाला, "दोन थेंब ऑइल सोडलं असतं तर भागलं असतं. पण जा. इथं बसून माझ्या चुका काढतेस, तिथं मास्तराच्या काढ."

थोरली म्हणजे दोन जावांमधली थोरली. धाकटी तिच्या दिराची बायको. दोघी एका महिन्याच्या अंतरानं लाँड्रीत लागल्या. मुकादमानं पहिल्याच दिवशी दोघींना एका चादरीला जुंपलं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही. काम सांगायला सोपं. गरम रोलरमधून चादर बाहेर आली की एकीनं दोन कोपरे धरायचे, दुसरीनं दोन. ताणायची. मग समोरासमोर चालत यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा. थोरलीनं चारी कोपरे आपल्या हातात घ्यायचे आणि धाकटीनं घडीवरनं तळवा दाबत वरनं खाली न्यायचा. की पुढची. दिवसाला चारशे, साथ आली की पाचशे. हात कामाला आणि तोंड भांडणाला. घरचं भांडण त्या लाँड्रीत न्यायच्या आणि लाँड्रीतलं घरी आणायच्या. कुणाचं पातेलं कुणी परत केलं नाही, कुणाच्या पोराला कोण काय बोललं, यावर एकतीस वर्षं निघाली. एका कुशीवरनं दुसऱ्या कुशीवर वळावं तसं एका विषयावरनं दुसऱ्यावर. गोड शब्द म्हणाल तर दोघींनी एकमेकींना एकही दिला नव्हता.

वर्गात सात-आठ जणं होती. मास्तर म्हणजे काडीसारखा माणूस, अंगावरचा सदरा इतक्या रंगांनी माखलेला की मूळ रंग कोणता ते त्यालाही सांगता आलं नसतं. पहिल्या दिवशी त्यानं खुर्चीवर एक पांढरी चादर टाकली आणि म्हणाला, "ही काढा."

थोरलीला हसू आलं. विहिरीजवळ राहणाऱ्याला पाणी दाखवावं तसं झालं. मास्तरानं तिच्यापुढं राखाडी रंगाचा खरखरीत कागद आणि खडूंची पेटी ठेवली. तिनं सरळ पांढरा खडू उचलला.

"तो नको," मास्तर म्हणाला. "तो सगळ्यांत शेवटी. आधी बाकीचे रंग."

"बाकीचे कुठले? पांढरी चादर आहे."

"नीट बघा."

"बघितली. एकतीस वर्षं बघितली. दोनदा धुतलीय, पाणी जड होतं आणि शेवटच्या पाण्यात नीळ जरा जास्त पडलीय."

मास्तर पेटीकडं वाकला होता, तो तसाच थांबला. "नीळ दिसतेय तुम्हाला?"

"न दिसायला काय झालं? त्या चुणीत साठलीय बघा."

"मग तीच लावा," तो म्हणाला. "जिथं दिसते तिथं."

थोरलीनं निळा खडू घेतला आणि चुणीत लावला. लावल्या लावल्या शेजारचा भाग तिला निळा दिसेना. तो दिसायला लागला पिवळसर, खिडकीकडनं आल्यासारखा. तिनं डोळे पुसले. खाली चादरीचं टोक लाल फरशीच्या जवळ लोंबत होतं, तिथं चादर चक्क गुलाबी होती. डाग नव्हता. डाग कसा असतो ते तिच्याइतकं कुणाला माहीत? हा डाग नव्हे, फरशीचा लाल रंग उडून चादरीवर बसला होता. खुर्चीच्या पाठीजवळ हिरवट. आतल्या घडीत जांभळं, पिकल्या जांभळासारखं नव्हे, पण नवं लुगडं धुतल्यावर बादलीत उरतं तेवढं. पांढरं शोधायला गेली तर सबंध चादरीत पांढरं म्हणण्यासारखं होतं नखाएवढं, वरच्या काठावर.

ती खडू हातात घेऊन नुसती बसली. एकतीस वर्षं, दिवसाला चारशे. एवढ्या चादरी हातातनं गेल्या आणि एकीनंही आपला रंग तिला दाखवला नव्हता. की तिनंच विचारला नव्हता? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण हिनं तर वळसाही घातला नव्हता. कळसा काखेत घेऊन पेन्शनीपर्यंत पोचली होती.

शेवटी पांढरा खडू लावला तेव्हा खोलीत दिवा लावल्यासारखं झालं. कागदावरची चादर उठून बसली. थोरलीनं सवयीनं कागद उचलला, उभा केला आणि झटकायला हात वर नेला, तोच मास्तरानं तिचं मनगट धरलं.

"झटकू नका. फुंकू नका, पुसूही नका. हे रंग वाळत नाहीत, चिकटत नाहीत. कागदाच्या खरखरीतपणात अडकून बसलेत एवढंच."

"म्हणजे धूळच की."

"धूळच."

"मग टिकणार कशी?"

"कुणी हात लावला नाही तर तुमच्या नातवंडांनंतरही टिकेल. हात लावला तर आत्ता जाईल."

जन्मभर धूळ धुऊन पोट भरलेल्या बाईला त्या दिवशी धुळीची अशी भीती बसली, की घरी जाताना तिनं तो कागद दोन्ही हातांवर आडवा धरला आणि रस्ता ओलांडताना एका टेम्पोला हातानं नव्हे, नुसत्या डोळ्यांनी थांबवलं.

त्यानंतर तिला चैन पडेना. सकाळी दूध तापवताना ती पातेल्यात बघत उभी राहायची. दूध कडेला निळं असतं, मधे पिवळं. दूध उतू जायचं. नवऱ्याचे पांढरे केस खिडकीत बसला की एका बाजूनं तपकिरी आणि दुसऱ्या बाजूनं आभाळाच्या रंगाचे दिसायचे. तो पेपर वाचता वाचता म्हणायचा, "काय बघतेस? उवा झाल्यात का?"

"हलू नका. कानामागं हिरवं आहे."

"मग डॉक्टरांकडं जाऊ या."

अंगठा बरा झाला की नाही हे विचारायचं सगळे विसरले. ती स्वतःही विसरली. चार-पाच महिन्यांनी कळलं ते असं, की डब्याचं झाकण उघडून त्यातली साखर ती निरखत होती.

मग त्या सालाच्या शेवटी धाकटीची नोकरी संपायला आली. दीर जाऊन सहा वर्षं झाली होती. धाकटीची लेक लांबच्या गावी दिलेली, तिनं आईला कायमचं बोलावून घेतलं. शनिवारी सकाळी जावई गाडी घेऊन येणार असं ठरलं. लाँड्रीत घड्या घालायचं यंत्र येऊ घातलं होतं, त्यामुळं दोघींच्या जागी आता दोघी येणारच नव्हत्या.

थोरलीला एकाएकी ध्यानात आलं की दोघींचा एकत्र फोटो नाही. लग्नाकार्यांतले आहेत, पण घोळक्यातले. चादर धरलेला एकही नाही. आणि एकतीस वर्षांत त्या खऱ्या ज्या काही होत्या, त्या चादरीच्या दोन टोकांना होत्या. ही जाणार. हिला ते चित्रात काढून द्यायचं, हे थोरलीच्या मनानं घेतलं. तोंडानं तर काही देता येणार नव्हतं. तोंडाला ती सवयच नव्हती.

मास्तराकडनं तिनं राखाडी कागदाचा मोठा तुकडा आणला, जवळजवळ टेबलाएवढा, आणि मुकादमाची परवानगी काढून धाकटीच्या शेवटच्या आठवड्यात लाँड्रीत जाऊन उलट्या बादलीवर बसली. थोरलीच्या जागी तात्पुरती एक नवी बाई होती.

"बसा, जाऊबाई, बसा," धाकटी म्हणाली. "काम केलंत तेव्हा कधी बसला नाहीत, आता पेन्शन घेऊन बसा."

"तू तुझं काम कर."

"नाक बारीक काढा माझं."

"देवानं जेवढं दिलंय तेवढंच काढीन. मी काय शिंपीण आहे, आत घ्यायला?"

थोरली काढायला लागली आणि तिच्या ध्यानात आली ती गोष्ट अशी, की एकतीस वर्षं ही बाई आपल्यासमोर उभी होती आणि आपण हिला बघितलेलंच नाही. घडी घालताना माणूस कोपऱ्यांकडं बघतो. समोरच्या माणसाची नुसती बोटं दिसतात. आता बाजूनं बघताना तिला धाकटी अख्खी दिसली. डावा खांदा उजव्यापेक्षा वर. मान जराशी पुढं. दंडावर रोलरचा भाजल्याचा जुना डाग, तो आता तांबूस नव्हता, मोरपंखी झाक होती त्याला. आणि कोपऱ्याला कोपरा लावायची वेळ आली की धाकटीच्या दोन्ही टाचा जमिनीवरनं उचलल्या जायच्या.

थोरलीनं खडू थांबवला. नवी बाई बुटकी होती, धाकटीपेक्षाही बुटकी. तिच्यासाठी टाचा उचलायची काहीच गरज नव्हती. तरी दर घडीला धाकटीच्या टाचा वर जात होत्या, कोपरे वर जात होते आणि नवी बाई करवादत होती, "अहो, खाली घ्या की, माझा हात पोचत नाही."

थोरली वीतभर उंच होती धाकटीपेक्षा. दिवसाला चारशे वेळा, एकतीस वर्षं, ही बाई तिच्या उंचीला पोचण्यासाठी चवड्यांवर उभी राहिली होती, आणि थोरलीला कधी वाकायचं सुचलं नव्हतं. तिनं त्या टाचा काढल्या. टाचांखालची सावली लावताना तिचा हात असा हळू झाला की मुकादम जवळ येऊन म्हणाला, "झोपलात का मावशी?"

धाकटी कागदावर उतरली. चादरही उतरली, निळीसकट. राहिली होती उजवीकडची बाजू, म्हणजे थोरली स्वतः. तिथं चादरीचं टोक मोकळ्या हवेत लोंबत होतं, भुतानं धरल्यासारखं.

घरी तिनं आरसा मांडला आणि वेगळ्या कागदांवर स्वतःला काढून बघितलं. पहिल्यांदा आली ती कुठलीतरी चिडलेली शिक्षिका. दुसऱ्यांदा आला तिचा भाऊ, मिशा भादरलेला. तिसरा कागद नवऱ्याला दाखवला. त्यानं चष्मा वर केला, खाली केला. "ही कोण, वीजबिलाच्या खिडकीत बसते ती?"

आरशात दिसत होती ती आरशात बघणारी बाई. चादर धरणारी बाई आरशाला माहीत नव्हती. गुरुवारी मास्तराला विचारलं तर तो म्हणाला, "अर्धंच द्या. चांगलं अर्धं आहे." पण अर्धं देऊन काय उपयोग? त्याचा अर्थ एवढाच झाला असता, की तू एकटीच होतीस.

शुक्रवारी दुपारी धाकटी आली, पातेलं परत करायला. टेबलावरचा कागद तिनं बघितला, पण स्वयंपाकघरात उजेड कमी. "गॅलरीत नेऊ या," थोरली म्हणाली. "आडवाच धर. उभा केलास तर सांडेल."

दोघींनी दोन-दोन कोपरे धरले. खडूची बाजू वर, कागद आडवा, पावलं जपून टाकत त्या गॅलरीत आल्या. ऊन कागदावर पडलं. धाकटीनं मान वाकवून कागद बघितला.

"मी अशी दिसते?" ती म्हणाली.

"अशीच."

"आणि तुमची बाजू?"

"नाही जमली."

"बरं," धाकटी म्हणाली, आणि पुढं बोलण्यासारखं दोघींजवळही काही उरलं नाही.

तेव्हा ते झालं. कुणी ठरवलं नाही. बोलणं संपलं आणि हातांत चार कोपरे होते, एवढंच कारण. धाकटीनं एक पाऊल पुढं टाकलं, थोरलीनं एक टाकलं. कोपऱ्याला कोपरा लागला, थोरलीनं चारी कोपरे आपल्याकडं घेतले आणि धाकटीनं घडीवरनं तळवा दाबत सरळ खालपर्यंत नेला. मग आणखी एकदा, आडवा, हवा काढायला. दुसरी घडी पडणार तेवढ्यात थोरलीचे हात गोठले.

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"जाऊबाई," धाकटी हलक्या आवाजात म्हणाली, "मी काय केलं हे?"

"तू नाही. दोघींनी केलं."

"मोडलं का सगळं?"

आठवडाभराचं काम होतं, उद्या सकाळी गाडी होती, आणि हात लावला तर आत्ता जाईल हे मास्तराचं बोलणं थोरलीच्या कानांत होतं. तिनं गॅलरीतल्या स्टुलावर कागद ठेवला आणि जखमेवरची पट्टी काढावी तसा एका कडेनं उघडला.

उघडला आणि दोघी वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या.

डावीकडची धाकटी गेली नव्हती. फिकी झाली होती, खूप वेळा धुतलेल्या कापडासारखी, पण होती. आणि उजवीकडं, जिथं रिकामा राखाडी कागद होता, तिथं एक बाई उभी होती. तोंड डावीकडं करून, हात पुढं करून, चादरीचं लोंबतं टोक बरोब्बर बोटांत धरून. धुक्यातनं कुणी यावं तशी अर्धवट. जेवढी धूळ धाकटीच्या अंगावरनं गेली होती तेवढीच या बाजूला येऊन उभी राहिली होती. कणसुद्धा खाली सांडलेला नव्हता. मधनं घडीची रेघ, आणि रेघेच्या दोन्ही अंगांना चादर अशी ताणलेली, की थोरलीच्या अंगठ्यात ताण जाणवला.

इतक्या महिन्यांत थोरलीनं पांढऱ्यात निळं बघितलं होतं, दुधात पिवळं बघितलं होतं, पण माणसातनं माणूस निघालेलं बघितलं नव्हतं.

"ह्या तुम्ही?" धाकटी म्हणाली.

"नाही गं. ही तूच आहेस, उलटी."

"मग दोन्हीकडनं मीच धरलीय?"

"आत्ता तरी."

धाकटीनं अजून वाकून बघितलं. "माझ्या टाचा अशा का वर?"

"तू उचलायचीस."

"मी? कधी?"

"दर वेळी. मी उंच म्हणून."

"काहीतरीच. मला माहीत नाही ते."

"मलाही नव्हतं," थोरली म्हणाली. "तुला काढताना कळलं."

धाकटीनं आपल्या पायांकडं बघितलं, जसे काही ते दुसऱ्या कुणाचे होते. मग ती आत जाऊन थोरलीची खडूंची पेटी घेऊन आली आणि स्टुलाजवळ ठेवली.

थोरली जमिनीवर बसली. तिनं तपकिरी खडू घेतला आणि सगळ्यांत आधी त्या धुरकट बाईच्या टाचा खाली आणल्या. घट्ट जमिनीवर टेकवल्या, खाली सावली दिली, काळीभोर. तेवढ्यानंच ती बाई धाकटी राहिली नाही. मग मान वर नेली, खांदे रुंद केले. खालच्या धुळीचा आधार होता, तिला फक्त मागं मागं जायचं होतं. चेहऱ्यापाशी येऊन मात्र खडू थांबला.

"इथंच अडतं," ती म्हणाली. "मला मी माहीत नाही."

"मला आहात की," धाकटी म्हणाली. "कोपरे घेताना तुम्ही खालचा ओठ आत ओढता. अजून ओढा. हां. मान उजवीकडं कलते तुमची, माझ्या उजवीकडं नव्हे, तुमच्या. आणि भुवया अशा, कुणीतरी चोरी केल्यासारख्या. नाक एवढं सरळ नाही हो तुमचं."

"तू कोपऱ्यांकडं बघत नव्हतीस का?"

"तुम्ही बघत होतात ना. दोघींनी कशाला बघायचं?"

थोरलीनं खडू खाली ठेवला, बोटं पदराला पुसली आणि पुन्हा उचलला. ऊन गॅलरीच्या कठड्यापर्यंत सरकलं तोवर धाकटी सांगत होती आणि थोरली लावत होती. डोळ्यांखालच्या सुरकुत्यांत कोणता रंग, तेही धाकटीनंच बोट दाखवून सांगितलं, आणि तो बरोबर होता. हिला कुणी वर्गात पाठवलं नव्हतं.

शनिवारी सकाळी दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवून चित्र गाडीत चढलं. जावई म्हणाला, "मागं डिकीत टाकतो, आई." धाकटी म्हणाली, "तुम्ही वर बॅगा टाकाल. माझ्या मांडीवर राहील ते, आडवं."

थोरली खिडकीपाशी वाकली. "उन्हात लावू नकोस. पुसू नकोस. फुंकू नकोस."

"तुम्ही सांगितलं नसतंत तर फडकं मारून उन्हातच लावणार होते," धाकटी म्हणाली, आणि गाडी निघाली.

कोपऱ्यावर गाडी दिसेनाशी झाल्यावर नवरा म्हणाला, "काल मी बघितलं ते. एवढं चांगलं चित्र, आणि मधनं घडी पडलेलं दिलंस?"

"हो," थोरली म्हणाली. "घडी तिनं घातलीय. सरळ आहे."